तुम्ही आता काळजीवाहू नसल्यामुळे

ग्लेनिस प्रोबर्टचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. आमच्या दोन घरांत एकच विटेची भिंत, त्यामुळे तिचा गजर मलाही ऐकू यायचा. आधी चहाची किटली, मग भाऊ मर्व्हिन. मर्व्हिन छपरं दुरुस्त करायचा. एका ओल्या सकाळी घसरला आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर बदलायची, उचलून खुर्चीत बसवायचं. सहा ते आठ शाळेच्या फरशा पुसायच्या. परत येऊन त्याला टोस्ट. अशी चौदा वर्षं.

मी जन्मभर गिलावा केला. ओझं म्हणजे काय, ते मला कळतं. मर्व्हिन शहाऐंशी किलोचा आणि ती जेमतेम पन्नासची. आठवड्याला पस्तीस तास काळजी घेणाऱ्याला सरकार काळजीवाहू भत्ता देतं. तिचे पस्तीस तास बुधवारीच भरत.

जानेवारीत त्याला उचलताना तिच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टरांनी तेरा आठवडे रजेची चिठ्ठी दिली आणि शस्त्रक्रियेसाठी नाव लावलं. शाळेतला पगार इतका तुटपुंजा, की तिथून आजारपणाचे पैसे मिळत नव्हते. म्हणून तिने सरकारी आजारभत्त्याचा अर्ज केला. मर्व्हिनला उचलायला मी आणि माझा जावई जाऊ लागलो. ती एकटी करायची ते काम आम्ही दोघं धापा टाकत करत होतो.

"हळू रे," मर्व्हिन म्हणायचा, "सिमेंटचं पोतं नाही मी."

"पोतं बरं. ते बोलत नाही."

महिन्याभराने तपकिरी लिफाफा आला. आजारभत्ता मंजूर झाला होता, मागच्या तारखेपासून. त्यामुळे काळजीवाहू भत्त्याची रक्कम देता येणार नाही, असं लिहिलं होतं. ग्लेनिस कागद घेऊन माझ्या दारात आली.

"डेन्झिल, मधले काही आठवडे दोन्ही पैसे आलेत. चोरीच झाली की ही."

"चोरी कसली? त्यांनीच पाठवले."

"वरच्या गल्लीतल्या बेननबाईलाही त्यांनीच पाठवले होते. कोर्टात कोण उभं राहिलं मग? ते की ती?"

वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात खाणी बंद पडल्यावर निम्मी माणसं भत्त्यावर आली. बाहेरचे आम्हाला आयतखाऊ म्हणू लागले. तेव्हापासून इथलं माणूस हक्काचे पैसेही मान खाली घालून घेतं. दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. "तो काळजीवाहू भत्ता नकोच मला. माझं नावच काढून टाका." पलीकडच्या मुलीने दोनदा विचारलं, नक्की ना? ती दोन्हीदा हो म्हणाली. कुणी मागितलं नव्हतं तरी जास्तीचे पैसेही परत पाठवले. त्या दुपारी ती हलकी झाली होती. आमच्यासाठी मासे आणि चिप्स घेऊन आली.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. 'तुम्ही आता काळजीवाहू नसल्यामुळे' घरभाड्याच्या मदतीतला काळजीवाहूंचा वाढीव हिस्सा बंद. पैशाचं तिला एवढं नव्हतं. ती त्या पहिल्या चार शब्दांवर बोट ठेवून बसली.

"हे खरं धरलं, तर मर्व्हिनला बघायला घरात कुणीच नाही," ती म्हणाली. "मग ते येतील आणि त्याला न्यूपोर्टच्या सरकारी आश्रमात ठेवतील. तिथे आमचा मामा सहा आठवडे जगला."

त्याच आठवड्यात आजारभत्त्याचा लांबलचक फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, अर्ध्या लिटरचं दुधाचं खोकं उचलता येतं का? येतं म्हणावं, तर आजारी कशी? येत नाही म्हणावं, तर भावाची काळजी कशी घेणार? तिने तो फॉर्म ब्रेडच्या डब्याखाली सरकवला.

त्यानंतर तिने लिफाफे उघडणं सोडलं. दिवसाही पडदे ओढलेले, आम्हालाही दार उघडेना. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई एकदा दार वाजवत राहिली. ग्लेनिस मर्व्हिनच्या तोंडावर हात ठेवून त्याच्या पलंगाआड खाली बसली. ती बाई म्हणजे मर्व्हिनच्या पाठीला पडून राहून झालेली जखम बांधायला आलेली नवी नर्स होती. जखम चार दिवस तशीच राहिली. वास यायला लागला तेव्हा मर्व्हिननेच भिंतीवर काठी आपटून मला बोलावलं.

"हिला घेऊन जा कुठेतरी," तो म्हणाला. "मला न्यायला कुणी येईल न येईल. त्याआधी मी इथेच सडेन."

गुरुवारी कामगार सभागृहात एमलिन बसायचा. तो युनियनचा जुना माणूस, आता लोकांचे सरकारी कागद भरून देतो. मी तिला त्याच्याकडे नेलं. त्याने सगळी पत्रं वाचली आणि चष्मा काढला.

"बाई, तुला कुणी सांगितलं भत्ता बंद करायला?"

"दोन्ही घेणं बरोबर नाही ना."

"दोन्हींचे पैसे मिळत नाहीत, बरोबर. मोठी रक्कम देतात, लहान अडवतात. पण हक्क जात नाही. तो कागदावर राहतो आणि त्याच्या जोरावर भाड्याचा हिस्सा चालू राहतो. पैसे त्यांनी थांबवले होते, हक्क तू फेकलास."

"पण मला उचलता येत नाही आता."

"त्याला भरवतं कोण? औषध कोण देतं? रात्री वळवतं कोण?"

"मीच. डाव्या हाताने."

"मग तेच लिही. डाव्या हाताने."

काळजीवाहू भत्त्याचा नवा अर्ज तीन महिने मागच्या तारखेपासून करता येत होता. एमलिनने तो तिथेच भरला, ब्रेडच्या डब्याखालचा फॉर्मही भरला. पुढचे पाच आठवडे ती दारावरच्या पत्रपेटीच्या आवाजाला दचकायची. चहाचे दोन कप फुटले. मर्व्हिनने तिची चेष्टा करणं सोडलं, तेव्हा मलाही भीती वाटली.

पत्र आलं ते तिने मला उघडायला लावलं. काळजीवाहू म्हणून हक्क मान्य, देय रक्कम शून्य.

"शून्य?"

"शून्य. पण तू काळजीवाहू आहेस."

ती पायरीवर बसली. "पुन्हा वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

मे महिन्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. दवाखान्यात तीन दिवस राहायचं होतं. तेवढे दिवस दूर राहिल्याने हक्क जात नाही, हे तिने एमलिनकडून लिहून घेतलं. शाळेकडे तिच्या न घेतलेल्या सुट्ट्यांचा पगार साचला होता, चौदा वर्षं फरशा पुसल्याचा. त्यातून तिने एक प्रशिक्षित बाई ठेवली. तीन दिवस आणि तीन रात्री ती बाई मर्व्हिनच्या खोलीत होती, आणि मर्व्हिन आपल्या घरी.