लोखंडाचा खोंड

काम पूर्ण झालं की मामा हात मागे बांधायचे आणि त्या वस्तूभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. गेट असो, जिना असो, नाहीतर टाकीचा स्टँड. बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस फिरतो तसे सावकाश, जरा वाकून. मग म्हणायचे, "उभं ऱ्हायलंय ब्येस. पण चाल बगाय पायजे."

जिन्याला कसली आलीय चाल, असं मी एकदा फणकाऱ्याने विचारलं होतं. "तुमी चढून बगा की ताई," ते म्हणाले. चढले, तर चौथ्या पायरीला ठेच लागली. ती बाकीच्या पायऱ्यांपेक्षा अंगठाभर उंच होती. ड्रॉइंग माझंच होतं.

कतारमधल्या दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात, ज्याला इथे सगळे सनैया म्हणतात, तिथल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी डिझाइन इंजिनिअर आहे. मामा तिथे वेल्डर होते. आटपाडीकडचे, साठीला टेकलेले, बायको-मुलं गावी. मी आल्या दिवसापासून त्यांना मामा म्हणत आले, आणि माझं ऐकून केरळचा फिटर, नेपाळी पेंटर, बिहारचा क्रेनवाला, सगळेच मामा म्हणायला लागले. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे त्या पेंटरला कळलं तेव्हा तो दिवसभर लाजत होता. मी स्वभावाने भांडखोर. हातात डिग्री, पाठीशी दहा वर्षांचा अनुभव, आणि हा माणूस माझ्या ड्रॉइंगला नावं ठेवतो म्हणजे काय? आमचं रोज वाजायचं. तुमच्याही कामावर असा एखादा माणूस असेल. तो रजेवर गेला की दिवस कंटाळवाणा जातो.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे विचित्र ऑर्डर आली. शहराबाहेर मुऐदरच्या पुढे एका कतारी गृहस्थांचा मजरा होता, म्हणजे घोडे आणि गुरं ठेवलेली शेतवाडी. अमेरिकेत शिकत असताना त्यांना एक नाद लागला होता. दोन घोडेस्वार पळत्या खोंडाच्या मागे लागतात. एक जण त्याच्या शिंगांत फास टाकतो, दुसरा मागच्या दोन पायांत. त्या खेळाचा सराव करायला त्यांना लोखंडाचा खोंड हवा होता. क्वाड बाइकच्या मागे जोडून तो ओढत न्यायचा, आणि ओढताना त्याच्या मागच्या पायांनी खऱ्यासारख्या उड्या मारायच्या.

माप घ्यायला मी मामांना घेऊन गेले. मालकांनी कॉफी दिली, खजूर दिले. त्यांच्या अमेरिकन ट्रेनरने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. मी नोट्स घेत होते. अर्ध्या तासाने बघते तर मामा गायब. ते सावलीच्या शेडमध्ये गेले होते. तिथे सहा खोंड बांधलेले होते, वर्षभराचे असतील. त्यातल्या एका तांबड्याच्या मागच्या पायाला पट्टी होती. मामा त्याच्याजवळ उकिडवे बसून तो पाय चाचपत होते, आणि तो खोंड, जो म्हणे कुणाला जवळ येऊ देत नव्हता, त्यांच्या टोपीला हुंगत होता.

"ह्ये कशानं झालं?" त्यांनी मला विचारलं, मी ट्रेनरला विचारलं. नवशिक्या स्वाराने फास चुकीच्या वेळी ओढला, असं तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही ते लागलेलं दिसत होतं. म्हणूनच आता नियम केलाय, असं त्याने सांगितलं. लोखंडी खोंडाचे दोन्ही पाय जो सलग दहा वेळा पकडेल, त्यालाच खऱ्या खोंडावर सोडायचं. तोवर या सहांना कुणी हात लावायचा नाही.

परतताना आम्ही मुऐदरच्या सिग्नलला थांबलो. मामा म्हणाले, "ताई, धाचं काय म्हणाला त्यो?"

मी परत समजावून सांगितलं.

"आन् कुणाला धा जमलंच न्हाय तर?"

"तर लोखंडावरच शिकत बसतील."

"बरं," मामा म्हणाले.

खोंडाचं धड माझ्या ड्रॉइंगप्रमाणे झालं. डोकं मात्र मामांनी मनाने केलं. पाइप तापवून वाकवून त्यांनी अशी शिंगं काढली की सगळं वर्कशॉप बघायला जमलं. हातभर लांब, आधी मागे झुकलेली, मग टोकाला आत वळलेली, अगदी खिलारी. ट्रेनर तपासायला आला, त्याने फास टाकला, आणि तो त्या शिंगांवरून घसरून खाली पडला. दुसऱ्यांदाही घसरला. त्याला हवी होती आडवी, आखूड, दोन बाजूंना पसरलेली शिंगं. तो हसायला लागला तसे मामा खाली बघायला लागले.

"मामा, मी फोटो दिले होते ना तुम्हाला?" मी चिडूनच म्हणाले.

"दिलं हुतं की. पर हात त्येच काढतो, त्येला काय कराय?"

ती शिंगं त्यांनी स्वतःच ग्राइंडरने कापली. दुसऱ्या कुणाला कापू दिली नाहीत. मी उगाच बोलले असं वाटलं, पण तसं म्हणाले नाही. माझा स्वभाव.

त्याच दिवसांत बेंदूर आला, आमच्याकडचा बैलांचा सण. बाहेर पन्नास अंशांची भट्टी, शेडमध्ये मोठे पंखे गरम हवाच ढवळत होते. मी घरून पुरणपोळ्या नेल्या होत्या, त्या कापलेल्या शिंगांची भरपाई म्हणून, हे आता कबूल करते. बघते तर लोखंडी खोंडाच्या आखूड शिंगांना मामांनी रेड ऑक्साइड फासलं होतं आणि गळ्यात एअर होजला बांधायची निळी दोरी घातली होती. त्यांनी एका पोळीचा तुकडा खोंडाच्या तोंडापुढे धरला, क्षणभर थांबले, आणि स्वतःच खाल्ला. "ह्येला दात न्हाईत," ते म्हणाले, "मग कुणीतरी खायाच पायजे." केरळच्या फिटरने विचारलं, हा देव आहे का? मामा म्हणाले, "नहीं, मेहमान है."

खरा घोळ पुढे झाला. पाय उडवण्यासाठी मी दोन कॅम, म्हणजे फिरता फिरता पाय वर ढकलणाऱ्या लंबगोल चकत्या, ठेवले होते, एक खालच्या दांड्यावर, एक वरच्या, आणि दोघांना जोडणारी साखळी. साखळीच्या दोन्ही चक्रांना अठरा-अठरा दात. त्यामुळे दोन्ही कॅम एकाच वेळी उचलणार, पाय एका ठेक्यात उडणार, दर वेळी तेवढेच उंच. सोपं, स्वच्छ डिझाइन. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी मी तपासणीचा कागद घेऊन गेले. क्रेनवाल्याने खोंड आवारात ओढून दाखवला. पाय उडत होते, पण माझ्या ठेक्यात नाही. एक मोठी उडी, एक अर्धी, एक उशिरा, मग दोन लागोपाठ. मी काम थांबवलं, कव्हर उघडलं आणि दात मोजले. एका चक्राला सतरा, दुसऱ्याला एकोणीस.

"मामा, हे काय आहे?"

"असू द्या की ताई."

"असू द्या काय? ड्रॉइंगवर माझी सही आहे. यात ठेकाच नाही राहिला. कुणाला धरताच यायचा नाही हा."

"व्हय," मामा म्हणाले. "न्हाईच येनार."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रागाने लाल झाले होते, हे आठवतंय. फसवणूक आहे ही, असं मी म्हणाले. मामांनी हातमोजे काढले, सिलिंडरच्या कट्ट्यावर बसले, आणि मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

गावाकडे बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकताना त्याला दोरीने पाडतात. ते नीट केलं तर जनावर हळूच कुशीवर बसतं. मामा तेव्हा विशीचे. घरचा खिलारी बैल, मागच्या पायांची दोरी मामांच्या हातात. "आबा म्हनले थांब, त्येला हिकडं झुकू दे. म्या घाई केली. वडली. त्यो दोनी पाय जोडून असा उडला, ह्यो उडतोय ना, तसाच, आन् आडवा पडला. खुबा निखळला." बैल त्यानंतर दोन वर्षं गोठ्यात तीन पायांवर उभा होता. आबा, म्हणजे त्यांचे वडील, त्यांना त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. "मारलं असतं तर बरं झालं असतं," मामा म्हणाले. त्यानंतर त्यांनी दोरी हातात धरली नाही. वेल्डिंग शिकले आणि इकडे आले.

मग म्हणाले, "त्या तांबड्याचा पाय बरा हुतोय ताई. पुन्यांदा वडला तर न्हाय व्हायचा. तुमी म्हनाल तर अठराचं बसवतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

मी तपासणीच्या कागदावर 'ठीक' अशी खूण केली आणि सही केली. नोकरी गेली तर नवऱ्याला काय सांगायचं, याची वाक्यं मी घरी जाईपर्यंत मनात जुळवत होते.

पण दोन आठवड्यांनी मालकांचा फोन आला, आणि मी घाबरत उचलला, तर ते खूश. ट्रेनर म्हणाला होता की इतका जिवंत खोंड त्याने कुठे पाहिला नाही, बाजारातले सगळे ठेक्यात उडतात, स्वार तो ठेका पाठ करतात आणि खऱ्या जनावरासमोर फसतात. मी मामांना हे सांगितलं. ते चहाचे दोन कप घेऊन आले. एरवी मला चहा विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

पुढचे दोन हिवाळे मामांचा गुरुवार ठरलेला होता. सुट्टीच्या आधी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे. "किती झालं ओ?" मी मजऱ्याच्या मॅनेजरला फोन करायचे. पाच. सात. एकदा सहा. एका गुरुवारी मॅनेजर म्हणाला, नऊ. मी फोन हातात धरूनच मामांकडे पाहिलं. त्यांनी दाराची चौकट धरली होती. "धावा?" त्यांनी विचारलं. मी मॅनेजरला विचारलं. दहाव्याला एकच पाय सापडला होता. मामा खाली बसले आणि टोपीने तोंड पुसलं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, यांच्या घरचं कुणी ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आलंय.

मग कंपनीने वय झालं म्हणून त्यांचा परवाना पुढे वाढवला नाही. खलास. निरोपाला समोसे होते, कंपनीचं एक घड्याळ होतं, आमच्या मॅनेजरने मामांना मिठी मारताना फोटो काढून घेतला. मी बॅगेच्या वजनावरून त्यांच्याशी भांडले. जाताना ते एवढंच म्हणाले, "ताई, कुणी धा केलं तर मला कळवू नका."

या हिवाळ्यात मजऱ्यावरून ईमेल आला. जुना ट्रेनर परत गेला होता, नवा आला होता. त्याने साखळी बदलायला कव्हर उघडलं आणि लिहिलं की दोन चक्रांचे दात जुळत नाहीत, बनवतानाची चूक दिसते, दुरुस्त करून द्या. शिवाय तसेच आणखी दोन खोंड हवे आहेत, नवं ड्रॉइंग पाठवा.

मी स्वतः गेले. शेडमध्ये नवे चार लहान खोंड होते. आणि पलीकडच्या कुंपणात ते सहा, आता प्रचंड मोठे झालेले, मानेवर घड्या पडलेले. तिथला मॅनेजर म्हणाला, इतक्या दिवसांत कुणाचे दहा झालेच नाहीत, आणि आता ते खेळाला फार जड झालेत, दोर तुटेल. मालकांच्या आईने त्यांना नावं ठेवलीत, रोज स्वतः खुबूस, म्हणजे इथली रोटी, भरवते, त्यामुळे त्यांना खाटकाकडे न्यायची कुणाची हिंमत नाही. तांबडा माझ्याकडे चालत आला. चारही पाय टेकवत, सरळ.

मी तिथेच उभ्या उभ्या मामांना फोन लावला. सवयीने त्यांचा इथला जुना नंबर लागला. कुणी भलताच माणूस मल्याळममध्ये बोलायला लागला. मग त्यांनी दिलेला पुतण्याचा नंबर लावला, तो बंद होता. मला रडू आलं आणि मी ते उन्हावर ढकललं.

नवा ट्रेनर तरुण होता, घाईतला. मी त्याला म्हणाले, ही चूक नाही, डिझाइनच तसं आहे. तो म्हणाला, "पण यावर दहा कुणाचेच होणार नाहीत. मग माझे स्वार खऱ्या खोंडांवर जाणार कधी?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले. इथे कुणी या शब्दाच्या पुढे प्रश्न विचारत नाही.

ऑफिसला येऊन मी नवं ड्रॉइंग काढलं. सतरा आणि एकोणीस, दोन्ही आकडे ठळक, बदल करू नये अशी टीप. खालच्या कोपऱ्यात 'डिझाइन कुणाचं' असा रकाना असतो. तिथे आले आणि थांबले. इतकी वर्षं त्यांच्याशी भांडले, त्यांच्या हातचा चहा प्यायले, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. एचआरला फोन केला. तिथल्या मुलीने जुनी फाइल शोधली आणि एकेक अक्षर सांगितलं, मामांचं, त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. मी ते पूर्ण लिहिलं आणि ड्रॉइंग पाठवून दिलं.