वसंतकाकांच्या नावाचं पाणी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींना मी हसणाऱ्यांतला. संगमनेरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. कुणी भुताचं बोलायला लागलं की मी चहा सांगायला उठतो. तरीही हे लिहितोय.

वसंतकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वायुदलात पायलट होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं बॉम्बर विमान समुद्रावर गेलं ते परतलंच नाही. वय जेमतेम पंचवीस, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काही सापडलं नाही, म्हणून ते गेल्याचं काकूनं कधी मानलंच नाही. सर्वपित्रीला सगळ्यांच्या नावानं पाणी सोडायचो, त्यांचं नाव गाळून. "जित्या मान्साला कुनी पानी सोडतं व्हय?" एवढंच ती म्हणायची.

यंदा मात्र पारनेरच्या मळ्यात, गुरुजी बसल्यावर, ती आपणहून म्हणाली, "अनिल, औंदा ह्यांचं बी नाव घे."

भर दुपार. कणसाला आलेली बाजरी वाऱ्यावर सळसळत होती... मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. आजोबांचं झालं, वडिलांचं झालं. मग काकांचं नाव घेऊन पाणी सोडलं. काकूनं ताम्हणात बोटं बुडवून डोळ्यांना लावली. एक थेंब ओठांवर ओघळला.

"खारट हाय," ती म्हणाली.

गुरुजी नको नको म्हणत असताना मी चाखलं. खारट — नुसतं आसवांइतकं नव्हे, तोंड वाकडं व्हावं इतकं. कळशीतलं चाखलं. आमच्या विहिरीचं, नेहमीसारखं गोड.

काकू रडायला लागली. "चहूकडं पानी, आन् प्यायला थेंब न्हाई त्यान्ला. मी बी दिलं न्हाई रं इतकी वर्सं... सोड अजून."

मी सोडत राहिलो. ताम्हण भरलं की बाजरीत ओतायचं, पुन्हा सोडायचं. दर खेपेला ती बोट जिभेला लावायची आणि मान हलवायची. कळशी संपत आली तेव्हा ती थांबली.

"आता गोड लागतंय," म्हणाली. मी चाखलं. खरंच गोड होतं.

ताम्हणाच्या तांब्याला चढलेला कळंक, मनाचे खेळ — विद्यार्थ्यांना देतो ती सगळी उत्तरं स्वतःला देऊन पाहिली. एकही पटलं नाही. बाटलीभर नमुना ठेवायला हवा होता, पण तेव्हा ते सुचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर सुचलं नाही याचं वाईटही वाटत नाही.

जेवणं झाल्यावर काकू ओसरीवर आडवी झाली आणि झोपली. काकांचं विमान परतलं नाही तेव्हापासून आईनं तिला दुपारची झोपलेली पाहिली नव्हती. कुणी दारात आलं तर, म्हणून ती जागी असायची. त्या दिवशी दिवेलागणीला आम्हीच तिला उठवलं.