काटेमामांचे खिळे

चाळीस वर्षं वजनकाट्यापाशी काढल्यामुळे अख्खी ओतशाळा त्यांना काटेमामा म्हणायची. नव्या इंजिनिअरबाईंचे मात्र ते सख्खे मामा. घरी भाची आणि कामावर साहेब, असं तिचं मोठं अवघड होऊन बसलं होतं.

भट्टीच्या धगीपुढे इलेक्ट्रॉनिक काटा आठवडाभरही टिकत नसे. म्हणून बिडाचं भंगार अजून जुन्या तराजूत, मणाशेराच्या जुन्या वजनांनीच तोललं जाई. मामांना एक खोड होती. भट्टी भरत आली की ते खिशातून छोटे खिळे काढून आत टाकत. "मामा, भट्टीला तोंडीलावणं का?" म्हणून लोक चिडवत. मामा पुढचा खिळा काढत.

त्या दिवशी गावाला पाणी पुरवणाऱ्या पंपाचं चाक ओतायचं होतं. भाचीचं हे पहिलंच मोठं काम. वाळूचा साचा घडवण्यात दीड महिना गेला होता. ओतताना रस कमी पडला, तर सगळी मेहनत पाण्यात. जळून जाणारं धरून पंधराशे किलो बीड हवं, हे तिनं सकाळीच मामांना सांगितलं होतं. बाजारात हल्ली मण म्हणजे सरळ चाळीस किलो धरतात. तिनंही तेच धरलं आणि फळ्यावर लिहिलं, साडेसदतीस मण.

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू; फळा त्यांना दिसत नव्हता. ते अडीच अडीच मणांच्या हातगाड्या मोजत होते. पंधरावी गाडी रिकामी झाली, मुकादम भट्टीचं तोंड बंद करायला निघाला, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब. अजून एक गाडी. आणि वर साडेसात शेर."

"मामा, हिशेब झालाय," ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

"तुझा झाला असेल. या वजनांचा चाळीस शेरांचा मण अडतीस किलोलासुद्धा पोचत नाही. दीडशे किलो म्हणजे चार मण पाऊण शेर. त्याच्या दहापट कर."

तिनं मोबाइलवर जुन्या मणाचा आकडा काढला आणि फळ्यावरचा हिशेब पुन्हा मांडला. शंभर किलो बीड कमी होतं. मग तिनं मामांचा हिशेब ताडून पाहिला. चार मण पाऊण शेर. दीडशे किलोला जेमतेम साडेतीन ग्रॅम कमी. तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा आकडे घातले. उत्तर तेच आलं.

सोळावी गाडी गेली, साडेसात शेर गेले. मामांनी खिशातले खिळे टाकले. दुपारी रस ओतला, साचा काठोकाठ भरला. दोन दिवसांनी वाळू फोडली तेव्हा चाक अखंड निघालं.

चाकावरून हात फिरवत ती म्हणाली, "मामा, तुम्ही तर कमालच केली. दीडशे किलोमागे फक्त साडेतीन ग्रॅम राहतात हो तुमच्या हिशेबात."

"राहत नाहीत," मामा म्हणाले. "दर दीडशेला एक खिळा टाकतो ना. तुझ्या आजोबांची शिकवण."

तिनं विचारलं, "पण भट्टीला तेवढ्याचं काय पडलंय?"

"भट्टीला नसेल. मला पडलंय."

तिनं त्यांच्याकडून एक खिळा मागून घेतला आणि प्रयोगशाळेतल्या नाजूक काट्यावर ठेवला. तीन पूर्णांक चार ग्रॅम. आकडा अंधूक होईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग डोळे पुसून तिनं तो खिळा दोन्ही हातांनी मामांच्या ओंजळीत ठेवला.

"बरं झालं आणलास," ते खिसा चाचपत म्हणाले. "पुढच्या चाकाला लागेल."