कूलरचं तोंड कोणाकडे

महाल भागातल्या चारुशीलाबाईंना आयुष्यात एकच गोष्ट करायची होती: हायड्रोजन आणि हवेपासून वीज करून दिवा पेटवायचा. धूर नाही, आवाज नाही, मागे उरलं तर थेंबभर पाणी. साठच्या दशकात त्या प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा वरचे साहेब म्हणाले, "आधी ट्रकच्या बॅटऱ्या बघा." बाईंनी वर्षानुवर्षं बॅटऱ्या बघितल्या, ॲसिडनं भोकं पडलेल्या साड्या नेसल्या आणि शेवटी भांडून आपल्या हायड्रोजनच्या सेलसाठी एक टेबल मिळवलं.

शेजारच्या यमुताई फाटकातूनच ओरडायच्या, "काहून वं चारू, पेटला का तुया दिवा?"

"पेटेल."

"मी मरायच्या आधी ना?"

"तुम्ही घाई करू नका, म्हणजे झालं."

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात दिल्लीची समिती आली. दिवा तासभर टिकला तर काम चालू, नाहीतर टेबल बंद आणि बाई परत ट्रकच्या बॅटऱ्यांवर.

दिवा झकास पेटला. टाळ्या झाल्या. चहा आला, आणि चहा संपेस्तोवर दिव्याचा काजवा झाला.

समितीचे मोठे साहेब नाकातून बोलले, "मॅडम, ये तो बैठ गया."

बाईंनी वायूची टाकी पाहिली, नळ्या पाहिल्या, तारा पाहिल्या. सगळं ठीक. सेलच्या मधला पडदा ओला असेल तरच वीज वाहते, म्हणून कडेला बोट लावलं. सुकून पापड! आठवडाभर तर मजेत चालला होता. तेवढ्यात कूलरच्या खसचा वास आला, पण वारा काही अंगाला लागला नाही.

"चंद्रभान, कूलर कोणी फिरवला?"

"मीच जी," शिपाई चंद्रभान म्हणाला. "पाव्हणे घामानं भिजून राह्यले होते. पाव्हण्यायकडे पाठ करून ठेवते का कोणी कूलर?"

म्हणजे आठवडाभर ओल्या वाऱ्यानं कूलरच सेलला पाणी पाजत होता, आणि बाई स्वतःची पाठ थोपटत होत्या! त्यांनी पदर खोचला, कूलर धरला आणि घर्रकन टेबलाकडे वळवला.

"अरे मॅडम, हम?"

"थोडा घाम येऊ द्या साहेब. त्याला तहान लागलीय."

साहेबांची कॉलर भिजली, टाय सुटला. काजव्याचा हळूहळू दिवा झाला आणि तासभर टिकला.

"तो क्या हर सेल के साथ एक कूलर देंगे?" साहेबांनी टोमणा मारलाच.

"नाही. तो स्वतः पाणी तयार करतो, वाया घालवतो. तेच त्याला प्यायला शिकवीन. दोन वर्षं द्या."

साहेबांनी रुमाल पिळला. "दिया. अब पंखा तो चलाओ!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यात आधी कूलरच खोलीबाहेर काढायला लावला.

चंद्रभान दारातच थबकला. "अन् आपलं काय जी म्याडम? मे आहे ना!"

"आपल्याला घाम आहे," बाई म्हणाल्या आणि सेल उघडायला बसल्या.