सकाळची पुडी, रात्रीची पुडी : चौबे कॉलोनी ते जर्मनी

या ब्लॉगवर मी तुम्हाला चित्रकोटचा धबधबा दाखवला, पचमढीच्या जीपवाल्याशी झालेलं भांडण साग्रसंगीत सांगितलं. ओकारीच्या गोळ्या घेऊन परदेशी कसं जावं हेही कधी लिहीन, असं मात्र वाटलं नव्हतं. पण आपल्याकडच्या किती पोरी हल्ली बाहेर चालल्यात, त्यांच्या बापांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आमच्या प्राचीला जर्मनीत नोकरी लागली. जावई नीलेश आधीच तिथे. व्हिसा हातात आला त्याच आठवड्यात गोड बातमी आली आणि तिच्या पाठोपाठ ओकारी. साधी नव्हे. पाण्याचा घोटही पोटात टिकेना, दोनदा सलाइन लावावं लागलं. शेवटी इथल्या, रायपूरच्या शंकर नगरातल्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या लागू पडल्या. पोरगी उठून बसली, मुर्रा खाऊ लागली. मुर्रा म्हणजे आपले कुरमुरे. तेवढाच तिच्या पोटात राहायचा.

रुजू व्हायची तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून प्रवासाला हो म्हटलं आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "अंकल, ये बीमारी है, नखरा नहीं. गोली एक दिन भी नहीं छूटनी चाहिए. छूटी, तो फिर ड्रिप."

आईने सोबत जायचं, तर सुनंदाच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मग उरलो मी. सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये उभा जन्म भट्टीसमोर काढलेला माणूस, बाळंतपणातलं मला काय कळतं?

"तुमाले कळाची गरजच नाही," सुनंदा म्हणाली. "तुम्ही फक्त पिशवी धरा."

तयारी मात्र मी चोख केली. लिहून घ्या. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत हवं आणि त्यात गोळीच्या कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं हवं, कारण आपल्याकडची नावं तिथे कोणी ओळखत नाही. औषध आपल्यापुरतंच, मूळ खोक्यात, हातातल्या बॅगेत. किती न्यायला चालतं ते त्या त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आणि निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा. ते काम नीलेशकडे दिलं होतं.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हा सुनंदाचा कायदा. नजर लागते म्हणे. अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, तिने प्राचीला पीलिया, म्हणजे कावीळ, झालाय असं सांगून ठेवलं होतं. परिणाम असा की रोज कोणीतरी उसाचा रस घेऊन दारात, आणि तो वास आला की प्राची न्हाणीघरात.

निघायच्या सकाळी शेजारच्या बाया निरोप द्यायला जमल्या. हातातली बॅग सुनंदानेच भरली होती. मी तिला हात लावला नाही, कारण तिने भरलेल्या बॅगेला हात लावायची आमच्या घरात रीत नाही. माना विमानतळ आमच्या चौबे कॉलोनीतल्या घरापासून टॅक्सीने पाऊण तासाच्या आत येतो. ड्रायव्हरला आधीच सांगा, भैया, सेंटची बाटली काढून ठेव. आम्ही तेलीबांध्याला पोहोचल्यावर सांगितलं आणि पहिली पिशवी तिथेच कामी आली.

दिल्लीचं विमान सुरळीत गेलं. पुढच्या लांबच्या विमानात चालत्या वाटेकडची सीट घ्या, आणि जेवणाच्या गाड्या निघाल्या की पोरीला मागे उभं करा. एक हवाई सुंदरी बर्फाचे खडे आणून देत होती. प्राचीने ते एकेक करून चघळले, हातात मुर्रा. मी बापडा पिशव्या धरून बसलो. खरं सांगतो, प्लांटमधल्या कोणत्याही पाळीपेक्षा ती ड्यूटी जड होती. तिची मान माझ्या खांद्यावर पडली की एवढीशी वाटायची.

फ्रँकफर्टला, सामानात सांगण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या वाटेने बाहेर पडत होतो, तेवढ्यात कस्टमच्या बाईंनी हात केला. उंच, करड्या केसांच्या, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. माझी बॅग उघडली आणि मी वाकून पाहिलं. खोकी नव्हतीच! हिंदी पेपराच्या चिटुकल्या पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या, ढीगभर. प्रत्येकीवर सुनंदाच्या अक्षरात 'सकाळ' नाहीतर 'रात्र'.

बाईंनी एक पुडी सोडली. आत गोळ्यांच्या पत्त्यातून, म्हणजे स्ट्रिपमधून, कात्रीने कापलेली एक गोळी आणि एक लवंग. त्यांनी लवंग नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मेडिसिन," मी म्हणालो.

"अँड धिस?"

"लवंग," मी म्हणालो. इंग्रजी शब्द ऐनवेळी दगा देऊन गेला.

मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पत्र ठीक, पण या गोळ्या त्याच कशावरून? कापलेल्या तुकड्यांवर कुठे दीड अक्षर, कुठे तेही नाही. ठेवून घ्याव्या लागतील, असं त्या शांतपणे म्हणाल्या. प्राची पांढरीफटक पडली. रात्रीची गोळी अजून व्हायची होती. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि नीलेशने घेतलेली डॉक्टरची वेळ गुरुवारची. मला एकच वाक्य आठवत होतं, छूटी, तो फिर ड्रिप.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"अवो, खोके कुठी गेले?"

"खोके जागा खाऊन राहिले होते," सुनंदा म्हणाली. "अन् त्याच्यावर पोटुशा बाईचं चित्र. निरोपाले पाऱ्यातल्या बाया आल्या होत्या, दिसलं असतं ना! म्हून पुड्या केल्या. सकाळी उठल्या उठल्या पोट्टीचं डोकं गरगरते, कोण्ता पत्ता, कोण्ती गोळी, पाहात बसन का ते? काहून, काय झालं?"

"फेकले का खोके?"

"मी काई फेकतो का कधी?"

खरंच, लग्नापासून या बाईने एक खोकं फेकलेलं नाही. खोकी आली, पत्त्यांचे नावाकडचे कापलेले तुकडेही आले. खोक्यांत बटणं भरून झाली होती. सुनंदाने बटणं पलंगावर ओतली आणि खोकं कॅमेऱ्यात असं खुपसलं की आधी नुसता अंगठाच दिसला. कस्टमच्या बाई पत्र बघत, खोकं बघत, तुकड्यावरची दीड अक्षरं जुळवत. मधूनच सुनंदाचं चालू होतं, "मॅडम, ती पानीबी नाही ठेवत पोटात. माय आहे मी, दुसरं काय करू?"

त्यांनी प्राचीला विचारलं, "व्हॉट डज शी से?"

प्राचीने सांगितलं आणि सांगता सांगता तोंडावर पिशवी धरली. बाईंनी कागदी रुमाल दिला, खुर्ची दिली आणि एकेक पुडी परत बॅगेत ठेवू लागल्या. "नेक्स्ट टाइम, ओरिजिनल बॉक्स." दुसरं कोणी असतं तर सोडलं नसतं, त्यामुळे वाचकहो, आमच्या भरवशावर राहू नका.

गुरुवारी डॉक्टरांनी पत्रातलं औषधाचं नाव वाचलं आणि दोन मिनिटांत नवीन चिठ्ठी लिहिली. लाल 'ए' अक्षराचं औषधांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. गोळी शिल्लक नव्हती, पण त्यांनी मागवली आणि संध्याकाळी दिली. रविवारी ही दुकानं बंद असतात, फक्त पाळीवरचं एखादं उघडं, त्याचा पत्ता दारावर लावलेला असतो. नोकरीचा पहिला दिवस प्राचीने पिशवी पर्समध्ये घेऊन पार पाडला. मी निघालो त्या सकाळी ती टेबलाशी बसून नव्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होती, जर्मन पेपराच्या.

"हे काय?" मी विचारलं.

"सुबह दिमाग नहीं चलता, बाबा. आईची सिस्टीमच बरी आहे." लवंग तेवढी मात्र ती शोधत होती. घरी फोनवर मी हे सांगितलं तर सुनंदाने ऐकूच न आल्यासारखं केलं, आणि मग दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

रायपूरला परतून पंधरवडा झाला असेल, सुनंदाने मोजलेले तीन महिनेही पुरे झाले होते. सकाळी अंगणात चहा घेत होतो, सुनंदाच्या फोनवर प्राचीचा निरोप आला. "आई, सकाळची पुडी घ्यायची राहून गेली. भूक लागली होती, आधी पराठा खाल्ला. टिकला."

सुनंदाने तो वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला. खुर्चीचा हात धरून उठली, गुडघा विसरून फाटकापर्यंत गेली. समोरच्या दीदी तुळशीला पाणी घालत होत्या.

"दीदी, सुनो ना," तिचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला. "प्राची को पीलिया नहीं हुआ था!"