पाऊल न टाकणारं पोकलेन

मी नास्तिक नव्हतो. देवानं माझ्या कामात लुडबूड करू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. सकाळी नारायण पेठेतल्या घरी उदबत्ती लावायची, हात जोडायचे आणि स्कूटरला किक मारताना ते सगळं घरीच सोडून निघायचं, असा आमचा दोघांचा करार. त्यानं तो मोडला. कसा मोडला ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही पुष्कळ वेळा आलं आहे. फक्त ती दुपार आठवली की हसता हसता माझी मान आपोआप मागे वळते.

माझा धंदा म्हणजे जुन्या पोकलेनचे सेन्सर तपासणं. परदेशात वर्षानुवर्षं राबलेली ही खोदकामाची धुडं जहाजातून आपल्याकडे यायची. त्यांच्या अंगात जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. तेलाचा दाब किती, पाणी किती तापलं, ही बातमी ते कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, पोचवत राहतात. बातमी थांबली की कंट्रोलर घाबरतो, इंजिन मंदावतं आणि खोऱ्यासारखी ती बकेट हवेत लटकून राहते. मग मला बोलावणं येतं. मी मीटर काढतो, भुवई उंचावतो, डॉक्टरासारखा 'हं' म्हणतो आणि बहुतेक वेळा उंदरानं कुरतडलेली एखादी तार सापडते. उंदरांचे माझ्यावर अनंत उपकार आहेत.

हिंजवडीत तेव्हा उसाच्या जागी काचेच्या इमारती उगवत होत्या. तिथल्या एका प्लॉटवर काम करणाऱ्या पोकलेनच्या मालकाचा फोन आला. "अहो, मशीन सगळीकडे चालतं, फक्त एका कोपऱ्यात गेलं की मान टाकतं. मला तर ऑपरेटरचीच शंका येतेय. आपण बघा. सेन्सर खराब निघाला तर सेन्सर बदलू. नाही निघाला, तर आजच ऑपरेटर बदलतो."

ऑपरेटर देवराव चंद्रपूरकडचा. बायको-मुलांसह प्लॉटच्या कडेलाच पत्र्याच्या खोलीत राहायचा, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं. मला बघताच म्हणाला, "मी काही नाही करून राहिलो जी. त्यालेच तिकडे जायचं नाही आहे."

"कोणाला?"

"मशीनले."

"देवराव, मशीनला आवडनिवड नसते."

"मग तुम्हीच विचारा ना जी त्याले."

मी विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा मजा वाटली. प्लॉटभर मशीन बैलासारखं रेटत होतं. कोपऱ्यातल्या वाळक्या उंबराजवळ आलं की मात्र पडद्यावर जपानी अक्षरं थरथरायची, लाल दिवा लागायचा आणि इंजिन उसासा टाकून मंदावायचं. मागे घेतलं की दिवा विझायचा. पंपाचा दाब सांगणारा सेन्सर तेवढ्या जागेपुरता बोलायचा बंद होत होता. तारेत पाच व्होल्ट नीट येत होते. तारांचा जुडगा धरून गदागदा हलवला, मीटरवरचा आकडा ढळला नाही. पिशवीतला कोरा सेन्सर बसवला. त्यानंही त्याच जागी मौन धरलं. शेवटी मशीन वळवून पाठीकडून नेलं. तिथेच थांबलं.

ऊन असं की सावली पायाखाली आलेली. लांबच्या इमारतीवरची ठोकाठोक प्लॉटभर ऐकू येत होती, पण उंबरापाशी गेलं की ऐकू येईना. एक पाऊल मागे घेतलं की आवाज. पुढे टाकलं की कानांत कापूस घातल्यासारखं. मी पुढेमागे, पुढेमागे करत बसलो. देवराव हळूच म्हणाला, "साहेब, आता तुम्हीबी नाही जाऊन राहिले तिकडे."

अशा वेळी आमच्या धंद्यात एक उपाय करतात. सेन्सर सोडवायचा आणि त्याच्या जागी एक छोटासा रेझिस्टर जोडून कंट्रोलरला सतत सांगत राहायचं की सगळं ठीक आहे, चालू द्या. जुन्या मशीनच्या पोटात अशी खोटी आश्वासनं पुष्कळ असतात. बिघाड काही मला सापडला नव्हता, म्हणजे मालकाच्या लेखी देवराव दोषी. मशीन एकदा त्या कोपऱ्यावरून गेलं, की 'सेन्सरच होता' असं मी छातीठोकपणे सांगणार होतो. रेझिस्टर जोडला. देवराव काही आत बसेना, म्हणून मी स्वतः केबिनमध्ये चढलो. उंबर आला. लाल दिवा लागला नाही. मी विजयी मुद्रेनं देवरावकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघतो तर दोन बायका उभ्या.

कुंपण लांब होतं, वाट उघडी होती, तरी त्या येताना मला दिसल्या नव्हत्या. पुढे नऊवारीतली सासू, मागे तान्हं बाळ घेतलेली सून. बाळ जिवाच्या आकांतानं रडत होतं.

"ओ दादा, ते धूड घ्या मागं! बाळंतीण हाय, हीर पुजायचीय."

मी थांबलो. "आजी, इथं विहीर कुठंय?"

"तुज्या म्होरं."

"ही जमीन आहे!"

"आता जमीन झाली. आमच्या समद्या बाळंतिणींनी हितंच आसरांना पाणी घातलंय. हीर बुजवली म्हून काय आसरा बस धरून गेल्या व्हय?"

पाण्यात राहणाऱ्या त्या सात देवतांची गोष्ट लहानपणी ऐकली होती. देवराव हसू दाबत होता. मी मशीन चालूच ठेवून खाली उतरलो, हाताची घडी घातली आणि अस्सल पेठी आवाजात म्हणालो, "उरका."

सुनेनं मातीत सात खडे मांडले. हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, पाण्याचा तांब्या कलंडवला. डबकं झालं नाही. मातीवर ओल पसरली नाही. तांब्यातलं सगळं पाणी एका जागी नाहीसं झालं. मग काहीच नाही. आणि मग खूप खालून, आमच्या पायांच्या खूप खालून, पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मातीतल्या एका भेगेतून शेवाळाच्या वासाची गार हवा वर आली. बाळ रडायचं थांबलं. त्यानं मान वाकडी करून जमिनीकडे पाहिलं आणि ओळखीचं कुणी दिसावं तसं हसलं.

"घेतलं," सासू समाधानानं म्हणाली.

मी केबिनमध्ये कसा चढलो आणि मशीन मागे कसं घेतलं, मला आठवत नाही. नंतर, त्या दोघी बाळाला घेऊन गेल्यावर, देवरावनं तिथे पहार मारली तर ती हातातून निसटून आतच गेली. कुणीतरी विहीर बुजवायचा कंटाळा करून तिच्यावर पत्रे टाकले होते आणि वर माती पसरली होती. मालक आल्यावर देवरावनं लांबूनच बकेटचा धक्का दिला आणि तो सगळा कोपरा, उंबरासकट, खाली गेला.

मालकानं मान लांब करून खड्ड्यात पाहिलं. मग म्हणाला, "सेन्सर?"

"उत्तम आहे."

"मग थांबत का होतं?"

"ठाऊक नाही. पण ऑपरेटर बदलू नका."

त्यानं देवरावकडे पाहिलं, घसा खाकरला. "देवराव, चहा घेणार ना?" पुणेरी माणसानं मागितलेली याहून मोठी माफी मी ऐकलेली नाही. देवराव तिथेच राहिला, त्याच खोलीत, त्याच मशीनवर.

रेझिस्टर काढून मी मूळचा सेन्सर परत बसवला. तो पुन्हा कधी गप्प झाला नाही. कारणं मला हवी तितकी सुचतात आणि कुणी विचारलं तर मी ती हातवारे करून सांगतोही. पण माझ्या हुशारीनं त्या दिवशी मला कुठवर नेलं होतं, ते मला माहीत आहे. अडवलं जाणं हीसुद्धा एक माया असते, हे मी तेव्हा शिकलो. आता कुणी वाट अडवली की मी आधी उतरतो.

सगळे चहाला गेल्यावर मी त्या खड्ड्याच्या काठाशी, जरा लांबच, उभा राहिलो. खाली काळ्या पाण्यावर उन्हाचा एक तुकडा हलत होता. हात जोडले. स्तोत्र आठवेना, म्हणून नुसतं "आभारी आहे" म्हणालो. खालून उत्तर आलं नाही. त्याबद्दलही मी आभारी आहे.