आधी वाचून दाखवायचं

निकम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. फोन अविनाशचा, सरांच्या वर्गातल्या माझ्या जुन्या सोबत्याचा. "सर गेले. सकाळीच. निघतेस का?" मी म्हणाले, "बघते." पेपरांचा गठ्ठा हे निमित्त होतं. आठ-नऊ वर्षं मी त्यांच्यासमोर उभी राहिले नव्हते आणि ते डोळे मिटून पडलेले असतानाही माझी हिंमत झाली नाही. मी गेलेच नाही.

पंधरा दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. तिला मात्र गेले, गर्दीत बसून घेता येतं. अभ्यासक्रमाबाहेरचं काही कॉलेजच्या खोलीत शिकवायचं नाही म्हणून ज्या प्राचार्यांनी सरांच्या वर्गाला कुलूप लावलं होतं, तेच आता निवृत्त होऊन माइकवर गहिवरत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध. मग त्यांनी सरांची सर्वांत यशस्वी विद्यार्थिनी म्हणून माझं नाव घेतलं. मीही उठले, चार गोड वाक्यं बोलले आणि खाली बसले. त्या चार वाक्यांची लाज वाटते म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जो तो खुल्या बाजाराचे गोडवे गात होता. नुकतीच पीएच.डी.ला नावं नोंदवलेली आम्ही पाच-सहा जणं, कॉलेजची खोली गेल्यावर, दर शनिवारी दुपारी सरांच्या नाशिकरोडच्या घरी जमू लागलो. गॅलरीतल्या खुर्च्यांवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख बसलेली असायची. ती फडक्याने पुसायची आणि मग बसायचं. विषय एकच : मालकावाचून, नफ्यावाचून माणसं कुठे काय चालवतात ते शोधायचं. "भांडवलशाहीला पर्याय नाही असं खुर्चीत बसून कुणीही म्हणेल," सर म्हणायचे. "तू एसटीत बस, बघून ये, मग बोल." अविनाश पेठच्या पाड्यांवर गेला, आळीपाळीने एकमेकांची भातलावणी करण्याची रीत टिपत. परत आलं की सर असे प्रश्न विचारायचे की रडू यावं. कौतुक त्यांना जमतच नसे. एकदा माझं प्रकरण वाचून म्हणाले, "अक्षर बरं आहे."

आणि त्यांचा एक नियम होता. लिहिलेलं प्रत्येक पान, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यात बसून आधी वाचून दाखवायचं. ते म्हणतील ते वाक्य काढायचं. का, म्हणून विचारायचं नाही. अविनाश वैतागला होता. "सर, मग प्रबंधात उरेल काय?"

"त्यांचं काम उरेल की," सर म्हणाले. "लोकांनी घडवायचं आणि आपण त्यावर डॉक्टर व्हायचं. आयत्या बिळावरचे नागोबा आपण. शिरताना निदान विचारावं."

माझा विषय होता दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या छाटणीला येणाऱ्या बायकांच्या टोळ्या. डोंगराकडून येणाऱ्या या बायकांनी मुकादम काढून टाकला होता. छाटणीच्या तोंडावर सगळ्या टोळ्यांमधल्या थोरल्या बायका एका ठिकाणी जमायच्या, एकरी भाव ठरवायच्या आणि त्याच्याखाली कुणीही बागेत पाऊल टाकायचं नाही. जिला काम कमी मिळालं त्या टोळीला पुढच्या बागेत पहिला मान. कागद नाही, सही नाही. दोन हंगाम मी त्यांच्यासोबत राहिले, त्यांच्या भाकरी खाल्ल्या. त्यांनी मला सगळं सांगितलं आणि मी सगळं लिहिलं : कुठे जमतात, छाटणीच्या किती आधी जमतात, कुणाचा शब्द चालतो.

प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. बायका डोंगरात परतल्या होत्या, पेठपर्यंत जाऊन पुन्हा पायी चढायचं जिवावर आलं. पदवी मिळाली की निवांत वाचून दाखवू, असं मी स्वतःला सांगितलं. पदवी मिळाली, टाळ्या मिळाल्या. नाशिकमधल्या एका परिसंवादात मी तेच प्रकरण नकाशासकट मांडलं. पुढच्या रांगेत काही मोठे बागायतदार बसले होते. त्यातल्या एकाने चहाच्या वेळी अदबीने प्रत मागितली. मी खूश होऊन दिली.

पुढच्या हंगामात बायका जमण्याच्या आठवडाभर आधीच बागायतदारांची माणसं डोंगरात पोचली. एकेका टोळीला वेगळं गाठून त्यांनी कमी भावात बोली पक्की केली. त्या वर्षी बायकांची बैठक झालीच नाही. ती एकी माझ्या प्रबंधाने मोडली.

सरांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून एवढंच विचारलं, "वाचून दाखवलं होतंस?"

"नाही, सर."

ते उठले, चपला घातल्या. "चल." एसटीने दीड तास. बागेच्या कडेला बायकांसमोर त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे. मी शिकवताना कमी पडलो." वरातीमागून घोडं, पण मी तर तेही नेलं नव्हतं. मी मागे उभी होते. पुढच्या शनिवारी त्यांनी वर्ग बंद केला तो कायमचा. त्याच प्रबंधावर मला नोकरी लागली.

मला तेव्हा त्यांचा राग आला आणि खरं सांगते, तो अजून आहे. त्यांनी मला ओरडायचं होतं, हाकलायचं होतं. उलट माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि मग मी करायचं तरी काय उरलं... मी तोंड लपवलं, दुसरं काय. नंतर आलेल्या किती मुलांना शिकायला मिळालं असतं, त्यांच्या वाट्याचंही मीच खाल्लं.

गेल्या आठवड्यात, हा लेख लिहून झाल्यावर, दिंडोरीला गेले. मी जिच्यासोबत राहिले होते त्या टोळीतल्या थोरल्या बाई आता वाकल्या आहेत, पण छाटणीला येतात. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"सर गेले," मी म्हणाले.

"ठाव हाय. आम्ही गेलतो मातीला. तू नव्हती." मग म्हणाल्या, "दर छाटनीला येत व्हते. बांधावर बसायचे, इचारायचे, चहा पिऊन जायचे. लिवलं कायबी नाय कधी."

मी कागद काढले. "त्यांच्यावर लिहिलंय. वाचून दाखवू?"

"दाखव. हात चालू राहतील माझे."

वेलीला कात्री लागत होती, मी वाचत होते. गावाचं नाव आलं तिथे त्यांनी थांबवलं. काढलं. त्यांचं नाव आलं, तेही काढलं. सरांना मी देवमाणूस म्हटलं होतं. "ते नको. चिडले असते." तेही काढलं. मग एकी माझ्या प्रबंधाने मोडली, ते वाक्य आलं आणि माझा आवाज आपोआप खाली गेला.

"ते परत वाच."

मी परत वाचलं. कात्री थांबली होती.

"ते ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.